सायसिंगचा डावा हात

शहाद्यात माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात. जुन्या मोटार-शर्यतींच्या फोटोंची मोठमोठी पुस्तकं निघतात, त्या पुस्तकांसाठी मी खराब झालेल्या निगेटिव्ह साफ करतो, दुरुस्त करतो. "असली पुस्तकं घेतं कोण?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. घेतात बाबा. ज्यांच्या आजोबांकडे मोटार होती ते घेतात, आणि ज्यांच्या आजोबांकडे बैलगाडीसुद्धा नव्हती ते जास्त घेतात.

तशी चाळीस वर्षं मी स्टुडिओच चालवला. लग्नं काढली, बारशी काढली, खुर्चीला बांधून बसवलेले मयत काढले. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आमचं दुकान बसलं. दुकान विकायच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हा पुण्याहून मृणालचा फोन आला. ही पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, आणि तिच्या प्रकाशनाचा विषय एकच, जुन्या मोटार-शर्यती. लोकांच्या ट्रंकेत पडलेल्या निगेटिव्ह ती गोळा करते. तिला अशा जुन्या फिल्मला हात लावायची अक्कल असलेला माणूस हवा होता. असे लोक आता फार उरले नाहीत, म्हणून मी सापडलो.

काम दिसायला सोपं आहे. फिल्म सुती हातमोजे घालून धरायची, मऊ ब्रशनं झटकायची, बुरशी असेल तर कापसाच्या बोळ्यानं इतक्या हलक्या हातानं टिपायची की बोळ्यालाही कळू नये. मग स्कॅन करायची आणि ओरखडे एकेक करून बुजवायचे. पहिल्याच पुस्तकात मी शेण खाल्लं. नदीच्या वाळूतल्या शर्यतीचे फोटो होते, त्यात सगळीकडे पांढुरका धुरळा. मला वाटलं, फिल्मवरची घाण. चार दिवस बसून एक फोटो मी आरशासारखा लख्ख केला. मृणालचा फोन आला, "काका, गाडी उभी केलीय का कोणी तिथे?" धूळ गेली आणि गाडीचा वेगही गेला होता. सगळं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

गिऱ्हाइकंही एकाहून एक. एका घरचे तिघे भाऊ आपल्या वडिलांच्या मोटारीचा काळा-पांढरा फोटो रंगवून मागायला आले. एक म्हणे मोटार निळी, दुसरा म्हणे हिरवी, तिसरा म्हणे तुम्ही दोघं तेव्हा जन्मला तरी होतात का. माझ्याच दुकानात भांडून गेले, फोटो काळा-पांढराच राहिला. दुसऱ्या एकाला आजोबांची गाडी शेवटच्या रेषेवर पोचतानाचा फोटो पुस्तकात हवा होता, पण गाडीपुढचा ट्रॅक्टर नको होता. आता गाडी चिखलात रुतली होती आणि ट्रॅक्टरनं ओढत आणली होती, त्याला मी काय करू? मी म्हटलं, ट्रॅक्टर काढतो, मग दोरखंड कशाला बांधू ते तुम्ही सांगा.

पुढचं कळायला फिल्मची एक गोष्ट माहीत हवी. तिला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. डार्करूममध्ये कागदावर फोटो छापताना मंद बाजू खाली, कागदाकडे ठेवायची. चुकून उलटी ठेवली तरी फोटो छापला जातो आणि दिसतोही छान. फक्त डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. पाटी-बिटी असली तर अक्षरं उलटी दिसतात आणि चोरी पकडली जाते. अक्षरं नसतील तर माणसाच्या सदऱ्याचा खिसा बघायचा. तो डाव्या छातीवर पाहिजे. बायकांच्या पदरावर आमच्या भागात विसंबता येत नाही, कारण निम्म्या जणी तो गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढे घेतात. पण सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे फिल्मच्या काठावरचे बारीक छापील आकडे. ते सरळ वाचता आले की समजायचं, चित्र सरळ. हे मी गावातल्या दहा-बारा पोरांना शिकवलं असेल.

गेल्या उन्हाळ्यात मृणालनं आपल्याच भागातल्या घाट-शर्यतींचं पुस्तक काढायला घेतलं. पस्तीसेक वर्षांपूर्वी तळोद्याहून धडगावला चढणाऱ्या घाटात तीन-चार वर्षं मोटारींची शर्यत व्हायची. एकामागून एक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, जी सगळ्यात कमी वेळात वर पोचेल ती जिंकली. तिथला फोटोग्राफर मीच. त्यामुळे या पुस्तकाच्या निगेटिव्ह कोणाच्या ट्रंकेत शोधायच्या नव्हत्या, माझ्याच माळ्यावर होत्या. आणि पुस्तकाचे मोठे आधारस्तंभ होते आबा. आबा म्हणजे प्रकाशाजवळचे बडे बागाईतदार, केळी, पपई, ऊस, घरी चार पिढ्यांचा बारदाना. तरुणपणी उघडी जीप घेऊन ते या शर्यतीत उतरायचे. शेवटच्या वर्षी त्यांची जीप उलटली, उजवा पाय गुडघ्यात मोडला तो कधी सरळ झाला नाही, आणि शर्यतही तिथेच बंद पडली.

त्या अपघाताच्या आधीच्या क्षणाचा फोटो मी काढला होता. तो दोन पानं भरून टाकायचा असं आबांनी मृणालला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी तो फोटो हातात घेतला. पुस्तक गुरुवारी छपाईला जायचं होतं. माझी सवय अशी की जुना छापील फोटो मिळाला तर तो संगणकाशेजारी उभा करायचा, म्हणजे काळं किती काळं होतं ते कळतं. तसा ठेवला. फिल्म स्कॅन केली. पडद्यावर चित्र उमटलं आणि माझे हात थांबले. छापील फोटोत निशाण धरलेल्या माणसाचा उजवा हात वर होता. पडद्यावर डावा.

म्हटलं, स्कॅनरमध्ये फिल्म उलटी गेली असेल. बाहेर काढली, दिव्याच्या काचेवर ठेवली, भिंग लावलं. काठावरचे आकडे सरळ. परत घातली, परत डावा हात. तिसऱ्यांदा घातली, तरी तेच. बायकोनं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली. स्कॅनर बरोबर होता, फिल्म बरोबर होती. चुकलेला होता तो छापील फोटो, आणि तो मी छापला होता.

त्या हाताचं एवढं काय, ते सांगतो.

घाटात पुढचं न दिसणारी वळणं फार. म्हणून प्रत्येक वळणावर दोन निशाणं घेऊन एक माणूस उभा करायचे. हिरवं म्हणजे रस्ता मोकळा, लाल म्हणजे पुढे धोका, गाडी आवर. पण धुरळ्यात लांबून रंग कळत नाही. म्हणून आयोजकांनी नियम घातला होता की हिरवं निशाण कायम उजव्या हातात आणि लाल कायम डाव्या हातात. रंग दिसला नाही तरी कोणता हात वर आहे ते बघायचं. सगळे निशाणवाले त्याच डोंगरातले, रस्त्याच्या कामावरचे मजूर. त्यांना आदल्या दिवशी अर्धा दिवस उन्हात उभं करून हात वर, हात खाली, हे घटवून घेतलं होतं.

त्या फोटोतल्या वळणावर होता सायसिंग. पावरा आदिवासी गडी, तिशीतला, मोलगीकडच्या एका पाड्यातला. ठेकेदाराकडे रोजंदारीवर खडी फोडायचा, आणि शर्यत नीट पार पडली की त्याला बाराही महिने कामावर ठेवायचं ठरलं होतं. मी रस्त्याच्या खालच्या अंगाला दगडावर चढून कॅमेरा लावलेला. वरच्या वळणावरून शिटी वाजली, रस्त्यात शेळ्या आल्या होत्या. सायसिंगनं निशाण उचललं, मागून आबांच्या जीपच्या धुरळ्याचा लोट आला, माझी नजर त्या लोटावर, हात कोणता ते न बघताच मी बटण दाबलं. जीप थांबली नाही. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. धावत गेलो तेव्हा जीप कठड्यावर आडवी होती आणि आबा तिच्याखाली होते.

दुपारी तीनला मी स्टुडिओच्या डार्करूममध्ये होतो. बाहेर आयोजक मंडळी दार ठोठावत होती, आबांना दवाखान्यात नेलं होतं, वातावरण गरम. सायसिंग म्हणत होता मी लाल दाखवलं. त्याची निशाणं पळापळीत पायदळी जाऊन कुठं गेली कोणाला पत्ता नाही. कोण खरं बोलतो ते आता तुझा फोटोच सांगणार, असं मला बाहेरून ओरडून सांगत होते. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. घाईत फिल्मची पट्टी कापली, यंत्रात सरकवली, नुसता माणूस आणि मागचा धुरळा एवढाच भाग मोठा केला आणि ओला कागद तसाच बाहेर नेला. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल काय आणि हिरवं काय, दोन्ही सारखंच करडं. अंगावर आयोजकांनी दिलेली बिनखिशाची पांढरी बंडी. राहिला हात. सगळ्यांनी पाहिलं, हात उजवा.

"हिरवं दाखवलं यानं," कोणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

सायसिंगला कामावरून काढलं. तो गुन्हेगार ठरला नाही, पोलिसात काही गेलं नाही, आबांच्या घरच्यांनी मोठ्या मनानं सोडून दिलं. असंच सगळे म्हणायचे, मोठ्या मनानं.

पंधरा दिवसांनी तो माझ्या स्टुडिओत आला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "फोटोवाला भाऊ, माझा डावा हात होता. तू परत बघ." दुकानात गिऱ्हाईक होतं. मी खणातून फोटो काढून त्याच्या हातात दिला आणि वर ऐकवलं, "हे बघ. तुझ्या तोंडापेक्षा याच्यावर विश्वास ठेवणार लोक. कॅमेरा खोटं बोलत नाही." तेच वाक्य माझ्या दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं. त्यानं फोटो पाहिला. मग आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. फोटो काउंटरवर ठेवला आणि गेला. फिल्म माझ्या डोक्यावरच्या फळीवर डब्यात होती. डबा काढायला, भिंग लावायला आणि आकडे बघायला दोन मिनिटं लागली असती. मी डबा काढला नाही.

शनिवारी दुपारी मी मृणालला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"काका, एक रस्ता सोपा आहे," ती म्हणाली. "फोटो काढून टाकते. त्या जागी दुसरा घालते. कोणाला कळणार नाही."

"आणि दुसरा रस्ता?"

"सरळ छापायचा, आणि खाली खरं लिहायचं. पण मग ज्याचा पाय गेला आणि ज्याच्या हाताला दोष दिला, दोघांशी तुम्ही बोलून या. मी नाही बोलणार. बुधवारी सकाळपर्यंत मला सांगा, त्याच्यानंतर पानं माझ्या हातात नाहीत."

रविवारी प्रकाशाला गेलो. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पुस्तकाचं काम कुठवर आलं ते विचारलं, चहा मागवला. मी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले. आम्ही आपसात अहिराणीच बोलतो.

"आबा, हाऊ फोटू मी उलटा छापा व्हता," मी म्हटलं. "सायसिंगनं लालच दखाडेल व्हतं."

आबांनी फोटो हातात घेतलेही नाहीत. "आते कसाले उकरी ऱ्हायना तू हे?"

"चूक मन्ही शे, आबा. ती मालेच सांगनी पडी."

"मी हिरवं देखं. मन्हा सोताना डोयाघाई देखं." त्यांचा आवाज चढला. "तुले काय वाटस, इतला वरीस मी खोटं बोली ऱ्हायनू? मन्हा पाय फुकट गया का?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. या माणसाच्या घरची सगळी लग्नं मी काढली आहेत, माझ्या पोराच्या शिक्षणाला याच्याच शब्दावर मदत मिळाली होती. आबांनी छडीनं फोटो बाजूला सारले.

"काढी टाक तो फोटू," ते म्हणाले. "पुस्तकमा नकोच. आनी आठून पुढे हाऊ इषय बंद."

चहा आला होता, पण कोणी प्यायला नाही. परत येताना बसमध्ये माझ्या मनात काय आलं तेही लिहितो, कारण इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. आबा म्हणतात काढून टाक, मृणाल म्हणते सोपा रस्ता आहे, मग मी कोण मोठा लागून गेलो? फोटो निघाला की माझी चूकही निघाली. सोमवारभर मी मृणालला फोन करायला हातात मोबाइल घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. दर वेळी तो माणूस काउंटरशी उभा राहून स्वतःचे हात बघताना दिसायचा. जेवण गोड लागेना. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो जिवंत शे का?" मला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी सायसिंगला शोधायला मोलगीला निघायच्या तयारीत होतो तोच आबांचा फोन आला. नेहमीचा दणदणीत आवाज नव्हता.

"शांताराम, दोन दिवस इचार करा मी. माले धूय आठवस. नुसती धूय. लाल नही, हिरवं बी नही. दवाखानामा तुम्ही लोकेसनी माले तो फोटू दखाडा, तवयपशी माले हिरवं आठवाले लागनं." मग म्हणाले, "छाप तू. जसा शे तसा छाप."

म्हणजे आबांनी त्या दिवशी धुळीशिवाय काही पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिला होता माझा फोटो.

मोलगीला उतरून एका टपरीवर सायसिंगचं नाव सांगितलं. "कोणता सायसिंग?" चहावाल्यानं विचारलं. "उलट्या हाताचा?" मी विचारलं, उलट्या हाताचा म्हणजे काय. "त्यानं शर्यतीत भलताच हात वर केला, एका शेठची गाडी पाडली. माझ्या बापाच्या वेळची गोष्ट," तो हसत म्हणाला. त्याला त्यात वाईट काही वाटत नव्हतं, ते त्या माणसाचं नावच होऊन बसलं होतं. काळ्या-पिवळ्या जीपनं काठी गावाच्या रस्त्याला निम्म्यावर सोडलं, पुढे डोंगर उतरून पाड्यात चालत गेलो.

सायसिंग अंगणात दोर वळत होता. पिकलेला, वाळलेला, पण ओळखू आला. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "फोटोवाला." बाज ओढली, पाणी आणलं. तो घरी पावरी बोलतो, माझ्याशी बाजारातली मराठी बोलला. मी पिशवीतून फोटो काढले आणि सगळं सांगितलं. फिल्म, मंद बाजू, घाई, सगळं. त्यानं नवा फोटो उन्हाकडे धरला. मग फोटोतल्या वर केलेल्या हातावर बोट ठेवलं आणि स्वतःच्या डाव्या हाताला लावलं.

"डावाच होता," तो म्हणाला.

"डावाच होता, सायसिंगभाऊ. तुम्ही बरोबर होता. मी चुकलो."

"मी पण चुकलो," तो म्हणाला. मला कळेना. "तू दुकानात फोटो दाखवला ना, तेव्हा मला वाटलं, फोटोत दिसतंय म्हणजे तसंच असेल. मीच विसरलो असेन. घरी आलो आणि सांगितलं, माझा हात चुकला. बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं. सगळ्यांना मीच सांगितलं."

काम गेल्यावर तो दर वर्षी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचा, बायकोसह. वीस-बावीस वर्षं. रस्त्याचं काम टिकलं असतं तर जावं लागलं नसतं, हे तो तक्रारीच्या सुरात नाही, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला. मी रडलो, लपवत नाही. त्यानं मला रडू दिलं.

फोटो छापू का, खाली खरं लिहू का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुस्तक पुण्याला. इथं कोण बघणार? तू पाड्यात सांग."

त्यांच्यात एक पद्धत आहे. कोणाचं कोणावर काही घडलं तर कारभारी, पोलीस पाटील आणि चार म्हातारे बसतात आणि ज्याची चूक तो सगळ्यांदेखत ती स्वतःच्या तोंडानं बोलतो. तासाभरात पंधरा-वीस माणसं जमली. मी फोटो पुढे करायला लागलो तर कारभाऱ्यानं ते उलटे घालून जमिनीवर ठेवले आणि वर दगड ठेवला.

"कागद राहू दे," तो म्हणाला. "तोंडानं सांग."

मी उभा राहून सांगितलं. सायसिंगचा हात बरोबर होता. चूक माझी होती. तो सांगायला आला तेव्हा मी ऐकलं नाही. एक जण त्याचं पावरीत करून सांगत होता. बोलून झाल्यावर मागून एक म्हातारा सायसिंगला काहीतरी म्हणाला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कारभाऱ्यानं सायसिंगला विचारलं, दंड काय घेतो? अशा वेळी बोकड घेतात, धान्य घेतात.

"दंड नको," तो म्हणाला. "याला माझ्यासोबत येऊ दे."

वाटेत टेकाडावर मोबाइलला रेंज आली तेव्हा मी मृणालला सांगितलं की फोटो सरळ छाप, आणि खाली लिही की हा फोटो पूर्वी उलटा छापला गेला होता, चूक छापणाऱ्याची, निशाणवाल्यानं लालच दाखवलं होतं. छापणाऱ्याचं नाव घाल म्हटलं, माझं पूर्ण नाव. ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सायसिंग पुढे चालत होता, मी मागे. गावाच्या वरच्या अंगाला सागाच्या झाडाखाली दगडांची रास होती, वर एक मडकं पालथं घातलेलं. त्याची बायको तिथे पुरलेली होती. चार वर्षं झाली म्हणाला. ऊसतोडीवर जाताना, येताना, भांडण झालं की ती एकच गोष्ट काढायची, तुझा हात चुकला म्हणून आपण हे भोगतोय. आणि तो म्हणायचा, हो, चुकला. ती गेली तोवर त्यानं हेच म्हटलं होतं.

"बोल," तो म्हणाला.

दगडांशी काय बोलतात ते मला माहीत नाही, आमच्याकडे तसं नसतं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि खाली मान घालून हळूच म्हटलं, "बाई, तुमच्या नवऱ्याचा हात चुकला नव्हता. मी चुकलो."

सायसिंग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"जोरात बोल," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."